लेकराची टाळू

शुगर ग्लायडर आमच्या घरात आला त्या दिवशी मी नवऱ्याशी अबोला धरला होता. मुलीच्या वाढदिवसाला तो तिला घेऊन जुन्या बाजारातल्या पक्ष्यांच्या गल्लीत गेला, तेव्हा मी समजत होते की फार तर लव्हबर्डची जोडी येईल. आला तो मुठीत मावेल एवढा राखाडी जीव. पाठीवरून काळा पट्टा, करवंदासारखे टपोरे काळे डोळे आणि अंगापेक्षा लांब शेपूट. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, फळाच्या चार फोडी टाकल्या की झालं, एकटा मजेत राहतो. आमची मुलगी सहावीत आहे आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "आय विल डू एव्हरीथिंग, प्रॉमिस." हे एव्हरीथिंग तिनं आठवडाभर केलं.

मग तो पिंजरा माझ्या गळ्यात पडला. दिवसभर घरात असायची कोण, तर मीच. कऱ्हाडच्या बँकेतली नोकरी सोडून मी नवऱ्याच्या व्हिसावर दोह्यात आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला नोकरीसाठी अर्ज केले, मग अर्ज करणं हेच काम होऊन बसलं, मग तेही सोडलं. गाडीच्या लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, तोही नाद सोडला. नवरा उजाडायच्या आत साइटवर जातो, मुलगी बसनं शाळेत जाते आणि मी शहराच्या मन्सूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर असते. फ्लॅटला खिडक्या तीन आहेत आणि तिन्हींतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. मेट्रोचं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण एकटीनं कुठं जायचं आणि कुणाकडे? कुठं तरी जाऊ या म्हटलं की नवरा म्हणायचा, इन्शाल्ला, शुक्रवारी. त्याच्या त्या इन्शाल्लाचा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला होता.

आणि आता त्या घरात माझ्या जोडीला हा. दिवसभर पिंजऱ्यातल्या कापडी पिशवीत झोपायचा आणि दिवेलागणीला उठून जाळीला लटकायचा. मग भुंकायला सुरुवात. होय, भुंकायचाच, कुत्र्याच्या पिल्लासारखा, मधे मधे थांबून, जसं काही कुणी उलट ओ देईल. ओ द्यायला होतं कोण? नवरा कानावर उशी घेऊन झोपून जायचा. केळं दिलं तर अर्धं अंगाला माखायचा. जवळ जावं तर मागच्या पायांवर उभा राहून किर्रकिर्र असा काही ओरडायचा की घरातलं एखादं मशीन बिघडलं असं वाटावं. मला दोनदा चावला. मी त्याला मनापासून शिव्या घालायचे, त्याही अस्सल कऱ्हाडी.

परत करायला एखादं कारण सापडतं का ते बघावं म्हणून मी त्याच्याबद्दल मोबाइलवर वाचायला लागले. हा मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या रानातला. दिसायला खार, पण खार नव्हे. मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी असते. झाडांचा चीक, डिंक, फुलांतला मध आणि किडे हे त्याचं खाणं. झाडाच्या ढोलीत पानं अंथरून सगळं कुटुंब एकमेकांना चिकटून झोपतं. अंधार पडला की एकेक जण ढोलीतून बाहेर येतो, चारी पाय फाकतो, मनगटापासून घोट्यापर्यंतची कातडी ताणून उघडतो आणि या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. एका झेपेत पन्नास मीटरसुद्धा. त्याचा एक व्हिडिओ होता, तो मी पुन्हा पुन्हा पाहिला. आमचा हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारा फूट आहे आणि त्यातही सोफा आहे. परत करायचं कारण राहिलं बाजूला, माझा राग त्या जनावरावरून घसरला आणि भलतीकडेच गेला.

हा प्राणी एकटा राहूच शकत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं, इमारतीत जनावरं पाळायला परवानगी नाही, हा एक आहे तोच आपण लपवून ठेवलाय, दुसरा आणायचा नाही. त्याच्या कंपनीचं काम कधी संपेल याचा भरवसा नव्हता आणि याला भारतात नेता येणार नाही, हे त्यानं विचारून ठेवलं होतं. विषय खलास.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा माझ्या सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या कोयनेकडच्या. आयुष्यभर नऊवारी लुगडं नेसून रानात आणि शेतात राबलेल्या, घरात बसायची सवय नसलेल्या. मुलाचा संसार बघायला म्हणून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या आणि चौथ्या मजल्यावर येऊन पडल्या. बाहेर भट्टी पेटलेली, आत एसीचा गारठा. आत्या शाल पांघरून, कानाला मफलर बांधून हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायच्या. एकदा खिडकीशी थांबून त्यांनी मला विचारलं, हितली मानसं कुठं गेली? मी तो प्रश्न विचारायचं कधीच सोडून दिलं होतं.

पिंजरा बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या माहेरच्या रानात उडती खार असते, पण ती मांजराएवढी मोठी. हे काय चिमूटभर? आणि कोंडलंय कशापायी? आमची मुलगी त्यांना इंग्रजीतून समजावायला गेली, आजीनं मराठीतून दटावलं आणि दोघींचं भागलं. मुलीनं त्या जनावराला एक इंग्रजी नाव दिलं होतं. ते आत्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला नुसतं 'लेकरू' म्हणायच्या.

एका सकाळी मुलगी शाळेला निघता निघता किंचाळली. लेकरू पिंजऱ्याच्या तळाशी गार पडलं होतं. डोळे मिटलेले, पाय आखडलेले. आदल्या दिवशी नवऱ्यानं एसी वाढवला होता आणि पिंजरा नेमका त्या झोताखाली होता. मुलगी रडायला लागली. मी मनातल्या मनात सुटले म्हटलं, आणि लगेच धावत जाऊन एसी बंद केला. आत्यांनी त्याला उचललं, चोळीच्या आत छातीशी ठेवलं, वरून शाल ओढली आणि सोफ्यावर बसून राहिल्या. चहाचं आधण उकळेपर्यंत शालीत हालचाल व्हायला लागली. नंतर मी वाचलं की थंडी पडली, खायला कमी झालं की रानातही हे असे गारठून निपचित पडतात आणि ऊब मिळाली की उठतात. आत्यांना यातलं काही माहीत नव्हतं. एसीनं काय होतं तेवढं त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं.

त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. आत्यांनी जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवल्या, सुपारीच्या चंचीसारख्या, तोंडाला नाडी. एक धुवायला आणि एक अंगावर. अंगावरची गळ्यात अडकवून त्या दिवसभर घरात फिरायच्या आणि तो आत झोपायचा. भाकरी थापताना पिशवीतून नुसतं नाक बाहेर यायचं. दिवेलागणीला दार-खिडक्या लावून त्याला हॉलमध्ये मोकळा सोडायचा. तो पडद्यावर चढायचा, दांडीवर जाऊन बसायचा, मान वरखाली करून अंतर जोखायचा आणि अंग उघडून सोफ्यावर बसलेल्या आत्यांच्या खांद्यावर अलगद उतरायचा. तेवढाच त्याचा प्रवास. आत्या दरवेळी म्हणायच्या, आलं माझं पाखरू. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायचे. भुंकणं बंद झालं होतं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटायचा, पण कुणाचा ते मलाच कळायचं नाही.

जुलैत त्याच्या डोक्यावरचे केस गेले. दोन कानांच्या बरोबर मधे, भाताच्या दाण्याएवढा गोल चट्टा, आत गुलाबी कातडी. मी काळजीत पडले, आत्या मात्र निवांत होत्या. त्यांनी चार मुलं आणि कितीतरी नातवंडं वाढवली होती, सगळ्यांची टाळू भरली होती. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल थापतात, तसंच त्यांनी सुरू केलं. मी आंघोळीला गेले की करंगळी खोबरेल तेलात बुडवायची आणि लेकराची टाळू भरायची. मला पत्ताच नाही. पिशवीला तेलाचा वास यायला लागला तेव्हा मला वाटलं, आत्यांच्याच केसांचा असेल.

लेकराचं मात्र बिनसलं. ते डोकं सगळीकडे घासायला लागलं: पडद्यावर, जाळीवर, आत्यांच्या छातीवर. ताटलीतलं खाणं तसंच राहायला लागलं. आणि मग एका दुपारी आत्यांनी पिशवीत हात घातला तर बोटाला रक्त. त्यानं स्वतःच्या शेपटीचं टोक चावून काढलं होतं.

नवऱ्यानं त्या दिवशी कुठलंही इन्शाल्ला न म्हणता गाडी काढली. जनावरांचे डॉक्टर केरळचे होते. त्यांनी त्याला उलटासुलटा करून बघितला, डोक्याला बोट लावलं आणि बोटाचा वास घेऊन विचारलं, हे काय आहे? मी आत्यांकडे बघितलं. आत्या म्हणाल्या, "खोबऱ्याचं त्याल. ल्हान लेकराची टाळू भरत्यात का न्हाई?" मी मान खाली घालून ते हिंदीत सांगितलं. मला वाटलं डॉक्टर ओरडतील. पण ते हसले नाहीत आणि ओरडलेही नाहीत. म्हणाले, त्यांच्या आईनं त्यांचीही भरली होती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. तो चट्टा म्हणजे आजार नव्हे. नर वयात आला की डोक्यावर तिथं वासाची गाठ तयार होते आणि केस जातात. रानात तो ते डोकं आपल्या माणसांच्या, म्हणजे आपल्या कळपाच्या अंगाला घासतो. सगळ्या कुटुंबाला त्याचा वास लागतो आणि अंधारात त्या वासावरून आपला कोण, परका कोण हे कळतं. तेलानं फार बिघडलं नाही, धुतलं की जाईल, पण तो स्वतःचा वास शोधून वेडापिसा झाला होता. शेपटीचं मूळ दुखणं वेगळंच आहे, ते म्हणाले. हा एकटा आहे. त्यानं या आजींना आपला कळप मानलंय, आणि आजी काही चोवीस तास ग्लायडर होऊ शकत नाहीत. त्याला त्याच्या जातीचे सोबती मिळाले नाहीत तर तो शेपटीवर थांबणार नाही.

मी हे सगळं आत्यांना मराठीत सांगितलं. त्यांचा व्हिसा संपत आला होता, तिकीट झालं होतं. त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "म्हंजी मी गेल्यावर ह्यो सोताला खाणार?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतरचे दिवस घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. लेकरानं जखम चावू नये म्हणून त्याच्या गळ्यात प्लास्टिकची चकती, त्यानं ते आणखीच केविलवाणं दिसायचं. आत्या सारख्या तिकिटाचा दिवस विचारायच्या. मुलगी पहिल्यांदाच स्वतःहून मराठीत बोलली, आजी, तू जाऊ नको. आत्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण राहते म्हणाल्या नाहीत. राहता येणारच नव्हतं, व्हिसा व्हिसा असतो. माझा जीव टांगणीला लागला होता. कारण मी रोज डोळ्यांसमोर आणून बघायचे: आत्या गेल्यात, नवरा साइटवर, मुलगी शाळेत, आणि बंद घरात मी आणि तो. मला चावणारा तो आणि त्याला शिव्या देणारी मी. त्याचं शेपूट माझ्या डोळ्यांदेखत संपणार आणि मला काही करता येणार नाही, या विचारानं मी स्वयंपाकघरात एकटी रडले आहे.

वाट डॉक्टरांनीच दाखवली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल गराफात, एका व्हिलाच्या मागच्या भागात वसईची एक ख्रिस्ती बाई राहायची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. तिच्याकडे पाच ग्लायडर होते, लोकांनी नको म्हणून सोडलेले. फोनवर तिचं वसईचं मराठी कानावर पडलं आणि मला धीर आला. तिच्या दोन अटी होत्या. आधी याचं ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे तिच्याकडच्या माद्यांत पिल्लावळ वाढायला नको. आणि एकदम आणून सोडायचा नाही, आधी वासाची ओळख व्हायला हवी. ऑपरेशन कसलं ते मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ लेकराकडे बघितलं नाही. मग म्हणाल्या, जीव तरी ऱ्हाईल.

ऑपरेशन पार पडलं. मग आत्यांनी शिवलेल्या दोन पिशव्यांपैकी एक गराफाला गेली आणि तिकडचं एक मळकं फडकं आमच्याकडे आलं. ते फडकं पिंजऱ्यात ठेवल्यावर लेकरू पहिल्यांदा त्याच्यावर किर्रकिर्र ओरडलं. दुसऱ्या दिवशी हुंगलं. पुढं त्याच्यावरच जाऊन झोपलं. आत्या रोज सकाळी ते फडकं हातात घेऊन स्वतःही हुंगायच्या. त्यांना तो वास आवडला नव्हता, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

आत्या निघायच्या आदल्या शुक्रवारी आम्ही त्याला घेऊन गराफाला गेलो. त्या बाईनं सांगितलं, भेट पिंजऱ्यात नको, पिंजरा त्यांचा आहे, ते भांडतील. भेट न्हाणीघरात, जिथं कुणाचाच हक्क नाही. त्या छोट्याशा न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर आत्या नऊवारी सावरून बसल्या, कमोडच्या झाकणावर ती बाई, आणि मी दाराला पाठ लावून उभी. बाईनं पाचही जण सोडले. ते भिंतीवरून, टॉवेलवरून, आत्यांच्या खांद्यावरून नाचायला लागले. लेकरू पिशवीतून बाहेर येईना. एक म्हातारी मादी आत्यांच्या छातीवर उतरली, पिशवीच्या तोंडाशी गेली आणि आत डोकं घातलं. आतून किर्रकिर्र झालं. मादी मागे सरली. पुन्हा गेली. परत किर्रकिर्र, पण जरा हळू. मग मादी सरळ आत शिरली आणि आवाज थांबला. थोड्या वेळानं दुसरा शिरला, मग तिसरा. पिशवी फुगली. आत्यांच्या गळ्यातली नाडी ताणली गेली.

त्यांनी नाडी हळूच डोक्यावरून काढली आणि ती भरलेली पिशवी दोन्ही हातांनी त्या बाईच्या हातात दिली. गाडीत बसल्यावर त्या हमसून हमसून रडल्या. माझा नवरा स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला, त्याला आईला रडताना बघायची सवय नव्हती.

विमानतळावर निघताना आत्यांनी धुवून घडी घातलेली दुसरी पिशवी माझ्या हातात ठेवली. गराफाहून ती परत आली होती. म्हणाल्या, "ही तुला ऱ्हाऊ दे. त्याला बघून येत जा. आन् न्हवऱ्याची वाट बघत बसू नगंस."

पण मी तेच केलं. नवऱ्याला म्हटलं, जाऊ या. तो म्हणाला, इन्शाल्ला, शुक्रवारी. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. रिकामा पिंजरा बाल्कनीत गेला. पडद्याच्या दांडीवर त्याच्या नखांचे ओरखडे होते, मी मुद्दामच तिकडे बघायचे नाही. दुपारी एसीच्या घरघरीशिवाय घरात आवाज नसायचा. तो भुंकायचा तेव्हा निदान कुणाचा तरी राग करता यायचा, असं वाटून मला स्वतःचीच कीव आली. असे बरेच शुक्रवार गेले. मग एका मंगळवारी मुलगी शाळेत गेली आणि मी कपाटातून ती पिशवी काढली, पर्समध्ये टाकली आणि खाली उतरले. चाळिशीची बाई मी, बँकेत कॅश सांभाळलेली, आणि मेट्रोत बसायला भीत होते. चुकून पुढच्या स्टेशनवर उतरले, परत फिरले, मग तिथली छोटी बस पकडली. गराफाला पोचले तेव्हा घामानं भिजले होते.

त्या दिवशी बाईची रात्रपाळी होती, म्हणून ती घरी सापडली. पिंजऱ्यात सहाही जण आत्यांच्या पिशवीत एकमेकांच्या अंगावर पडून झोपले होते. मी बोट पुढं केल्यावर लेकरानं डोकं बाहेर काढलं, माझं बोट हुंगलं आणि किर्रकिर्र ओरडलं. परकी म्हणून. मला वाईट वाटेल या भीतीनं बाई काहीबाही सांगायला लागली. वाईट वाटलंच, पण मी हसले. शेपूट बुटकं राहिलं होतं, जखम भरली होती. आणि डोक्यावर, कानांच्या मधे, बारीक राखाडी केस आले होते. ऑपरेशननंतर ती गाठ सुकते, केस परत येतात, बाई म्हणाली.

परतीच्या बसस्टॉपवरूनच मी आत्यांना फोन लावला. सहा जण एका पिशवीत झोपतात ते सांगितलं. शेपटीचं सांगितलं. टाळूवर केस आले हे सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "बघ, माझं त्याल लागू पडलं," म्हणाल्या. मी ऑपरेशनचं काही बोलले नाही. लागू पडलं तर पडलं.

मग त्यांनी विचारलं, गाडीत कोण कोण होतं? मी म्हटलं, गाडी नव्हती, मेट्रोनं आले.

"येकटीच?"

"एकटीच."

पलीकडून शेतातल्या वाऱ्याचा आवाज येत होता. मग आत्या म्हणाल्या, "मला त्याच्यापरीस तुझाच घोर लागला होता, पोरी."

बस आली तरी मला चढायचं सुचलं नाही. ती गेली. पुढच्या बसनं निघाले आणि मुलगी शाळेतून यायच्या आधी घरी पोचले.